लष्करी हल्ल्याची बातमी: कायदेशीर की बेकायदेशीर, हे पहिल्या दिवशी कसं लिहायचं?

रात्रपाळी

आंतरराष्ट्रीय डेस्कवर काम करणाऱ्यांना आणि युद्धकायदा जाणणाऱ्यांना प्रश्न आहे.

एका देशाने दुसऱ्याच्या हद्दीत हवाई किंवा क्षेपणास्त्र हल्ला केला की पहिल्या दोन तासांत हाती काय येतं? हल्ला करणाऱ्याचं "आम्ही स्वसंरक्षणासाठी केलं", ज्याच्यावर झाला त्याचं "हे उघड आक्रमण आहे", मृतांचे दोन वेगवेगळे आकडे आणि समाजमाध्यमांवरचे पाच-सहा व्हिडिओ. यातून कॉपी (बातमीचा मजकूर) तयार होते आणि तळाशी एक ओळ जाते: "हल्ल्याच्या कायदेशीरपणाबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत." वाचकाच्या पदरी काही पडत नाही.

पहिल्या चोवीस तासांत कायद्याबद्दल ठामपणे काय लिहिता येतं? कुठली कागदपत्रं बघायची? "प्रमाणाबाहेर बळाचा वापर" हे कधी म्हणायचं? आणि व्हिडिओ वापरण्याआधी निदान काय तपासायचं? मतं नकोत, कामाची पद्धत हवी आहे.

परिशिष्ट

"कायदेशीर आहे का" हा एक प्रश्न नाही, तीन आहेत, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात. बळ वापरण्याचा हक्क त्या देशाला होता का, हा पहिला. तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर तपासायचा. हल्ला ज्या रीतीने केला ती युद्धकायद्यात बसते का, हा दुसरा. तो जिनिव्हा करार, १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल आणि रूढ कायदा (देशांच्या प्रस्थापित वागण्यातून तयार झालेला) यांवर तपासायचा. ज्याने आदेश दिला त्याला स्वतःच्या देशाच्या कायद्याने तो अधिकार होता का, हा तिसरा. बातम्यांमधली निम्मी गल्लत हे तिन्ही एकाच परिच्छेदात कोंबल्याने होते. तज्ज्ञांचे "मतभेद" म्हणून जे छापून येतं, त्यात पुष्कळदा एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्याचं.

आता पहिला प्रश्न, कारण पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त काम याच प्रश्नावर करता येतं.

सनदेचं कलम २(४) बळाचा वापर आणि बळाची धमकी दोन्हींना मनाई करतं. त्याला दोन अपवाद: सुरक्षा परिषदेने सातव्या प्रकरणाखाली दिलेली परवानगी आणि कलम ५१ खालचं स्वसंरक्षण. त्याखेरीज, ज्या देशाच्या भूमीवर कारवाई होते त्याच्या सरकारने संमती दिली असेल तर मुळात त्या देशाविरुद्ध बळ वापरलं असं होत नाही.

परिषदेचा ठराव आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळतं. कुवेतसाठी १९९० चा ठराव ६७८ होता. लिबियासाठी १७ मार्च २०११ चा ठराव १९७३ होता; बाजूने १० मतं, विरोधात शून्य आणि ५ तटस्थ. १९९९ मध्ये कोसोवोवरून नाटोने हल्ले केले तेव्हा असा ठराव नव्हता. ठराव नसेल तर तसं एका वाक्यात लिहा. ही खातरजमा केलेली वस्तुस्थिती आहे, कोणाचं मत नव्हे.

ठराव नाही, संमतीही नाही, म्हणजे उरलं स्वसंरक्षण. इथे प्रवक्त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. कोणता "सशस्त्र हल्ला" झाला होता? कधी? कोणी केला? तो अजून चालू आहे की संपला? पुढचा होणार असेल तर तो किती जवळ आहे? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ च्या निकारागुआ निकालात सांगितलं की बळाचा प्रत्येक वापर सशस्त्र हल्ला ठरत नाही, तो गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. मित्रराष्ट्रासाठी धावून गेलो असं म्हणायचं असेल, तर त्या राष्ट्राने आपल्यावर हल्ला झाल्याचं जाहीर करून मदत मागितलेली असावी लागते. ती विनंती कुठे आहे, हे विचारायचं सहसा राहून जातं.

मग पत्र. कलम ५१ प्रमाणे केलेली कारवाई सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावी लागते. ही पत्रं परिषदेची कागदपत्रं म्हणून प्रसिद्ध होतात. क्रमांकात एस, मग वर्ष, मग अनुक्रमांक. सीरियातल्या आयसिसविरुद्धच्या हल्ल्यांबद्दल अमेरिकेने २३ सप्टेंबर २०१४ ला दिलेलं पत्र एस/२०१४/६९५ या क्रमांकाखाली मिळतं. सीरियाचं सरकार आपल्या भूमीचा वापर रोखायला असमर्थ किंवा अनिच्छुक आहे, हा युक्तिवाद त्यात लेखी आहे. तो सगळ्या देशांना मान्य नाही, हेही सोबत लिहायला हवं. निकारागुआ निकालानुसार पत्र न देणं हा, तो देश स्वतःच्या दाव्याबद्दल खरोखर ठाम होता का, हे ठरवण्याचा एक घटक असतो. तेवढ्याने कारवाई आपोआप बेकायदेशीर ठरत नाही.

पत्र आणि पत्रकार परिषद यांतला फरक शोधा. ३ जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेच्या हल्ल्यात इराणचे सेनानी कासिम सुलेमानी मारले गेले. पुढचे कित्येक दिवस चर्चा "आसन्न हल्ल्या"ची चालली. अमेरिकेने ८ जानेवारीला परिषदेला दिलेल्या पत्राचा भर मात्र मागच्या काही महिन्यांतल्या हल्ल्यांच्या मालिकेवर होता. खरी बातमी त्या फरकात होती आणि ती फार थोड्यांनी दिली.

"प्रत्युत्तर", "बदला", "धडा शिकवला" ही मथळ्यांची भाषाही जपून वापरा. ठराव २६२५ बरोबरचा महासभेचा १९७० चा जाहीरनामा स्पष्ट सांगतो की बळाचा वापर करून सूड उगवण्याची कृती देशांनी टाळली पाहिजे. स्वसंरक्षणाचा हेतू चालू किंवा येऊ घातलेला हल्ला रोखण्याचा असतो, मागच्याची परतफेड करण्याचा नाही. मंत्री स्वतःच "आम्ही किंमत वसूल केली" म्हणत असेल, तर ते वाक्य अवतरणात जसंच्या तसं द्या. त्याच्याच देशाच्या कायदेशीर दाव्याला ते छेद देतं. आपल्या भाषेत ते वाक्य मिसळलं की तो छेद दिसेनासा होतो.

खंदक

परिशिष्ट यांच्याशी सहमत. "येऊ घातलेला हल्ला" यावर थोडी भर घालतो.

इथला जुना आधार म्हणजे १८३७ चं कॅरोलाइन जहाजाचं प्रकरण: ब्रिटिश सैन्याने अमेरिकेच्या हद्दीत शिरून ते जहाज जाळलं होतं. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी लावलेली कसोटी अशी: गरज तत्काळची, भारून टाकणारी असावी, दुसरं साधन निवडायला वाव नसावा आणि विचार करायला क्षणही नसावा. काही देश आजही ही कसोटी काटेकोर धरतात. काही म्हणतात की क्षेपणास्त्रांच्या काळात ती सैल झाली पाहिजे. पण "पुढे-मागे धोका होईल" एवढ्यावर हल्ला करणं यात बसत नाही, याबाबत बहुतेक देशांत एकमत आहे. ७ जून १९८१ ला इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली आणि स्वसंरक्षणाचा दावा केला. सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने संमत करून हल्ल्याचा तीव्र निषेध केला. अमेरिकेचंही मत ठरावाच्या बाजूने पडलं.

२०२५ च्या जूनमध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले झाले तेव्हा हा संदर्भ पहिल्याच दिवशी चौकटीत यायला हवा होता. पुढच्या आठवड्यातली बरीचशी जागा केंद्रं "पूर्ण नष्ट" झाली की कार्यक्रम काही महिनेच मागे पडला, या वादाने खाल्ली. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण परिणामकारकता म्हणजे कायदेशीरपणा नव्हे. हल्ला पूर्ण फसला तरी कायदेशीर असू शकतो, आणि पूर्ण यशस्वी होऊनही बेकायदेशीर.

भेदरेषा

दुसरा प्रश्न घेते, म्हणजे हल्ल्याची रीत.

"प्रमाणाबाहेर" हे विशेषण दोन वेगळ्या कायद्यांत दोन वेगळ्या अर्थांनी येतं आणि डेस्कवर ते एकच समजलं जातं. स्वसंरक्षणाच्या कायद्यात बघायचं ते असं, की सगळी कारवाई मिळून हल्ला रोखायला लागेल तेवढीच आहे का. युद्धकायद्यात बघायचं प्रत्येक हल्ल्याचं वेगळं: अपेक्षित नागरी हानी ही अपेक्षित, ठोस आणि थेट लष्करी फायद्याच्या तुलनेत अतिरेकी होती का. पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ५१(५)(ब) हे सांगतं. "त्यांचे तीन मेले, यांनी तीनशे मारले" ही तुलना दोन्हींपैकी कुठल्याच कसोटीचं उत्तर देत नाही.

शिवाय दुसरी कसोटी हल्ल्याआधीच्या माहितीवर लागते, नंतरच्या मृतांच्या आकड्यावर नाही. सेनाधिकाऱ्याला त्या वेळी काय माहीत होतं आणि वाजवी प्रयत्न करून काय कळू शकलं असतं, हे पाहायचं. म्हणून पहिल्या दिवशी केवळ मृतांच्या संख्येवरून "युद्धगुन्हा" लिहिता येत नाही, आणि संख्या कमी आहे म्हणून "अचूक, कायदेशीर" असंही लिहिता येत नाही. अचूक बॉम्ब चुकीच्या लक्ष्यावर अचूकच पडतो.

लिहिता काय येतं? लक्ष्य काय होतं, हे. प्रोटोकॉलच्या कलम ५२(२) प्रमाणे लष्करी लक्ष्याला दोन अटी: त्या वस्तूचा लष्करी कारवाईला परिणामकारक हातभार लागत असावा आणि ती नष्ट केल्याने त्या परिस्थितीत निश्चित लष्करी फायदा व्हावा. पूल, वीजकेंद्र, प्रक्षेपण मनोरा यांच्यावरचा हल्ला इथेच अडतो. २३ एप्रिल १९९९ ला नाटोने बेलग्रेडमधलं सर्बियन दूरचित्रवाणीचं मुख्यालय उडवलं, १६ कर्मचारी मेले. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांनी नेमलेल्या समितीने २००० मध्ये चौकशी सुरू करू नये अशी शिफारस केली. तिचा आधार ती इमारत लष्करी संपर्कयंत्रणेचा भाग होती हा होता. केवळ प्रचार थांबवण्यासाठी हल्ला केला असता तर त्याच्या कायदेशीरपणावर प्रश्न उभा राहिला असता, हेही समितीने नोंदवलं. पत्रकारांनी हे प्रकरण मुळातून वाचावंच. प्रोटोकॉलच्या कलम ७९ प्रमाणे पत्रकार नागरिक असतो आणि शत्रूचा प्रचार केल्याने तो लक्ष्य होत नाही. हे संरक्षण आपलं आहे. निदान ते तरी आपल्याला तोंडपाठ असायला हवं.

रुग्णालयाची बातमी असेल तर चार गोष्टी विचारा. ते वैद्यकीय कामासाठी चालू होतं का? त्याचे अक्षांश-रेखांश दोन्ही बाजूंना कळवलेले होते का? तिथून शत्रूला अपाय करणारी कृती झाल्याचा पुरावा आहे का? आणि हल्ल्याआधी इशारा व वाजवी मुदत दिली का? चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम १९ मध्ये ही इशाऱ्याची अट आहे. अपायकारक कृती सिद्ध झाली तरी ती सुटत नाही. "आत दहशतवादी होते" एवढ्यावर बातमी थांबली तर ती अर्धीच राहते.

३ ऑक्टोबर २०१५ चा अफगाणिस्तानातल्या कुंदुझवरचा अमेरिकी हल्ला बघा. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या रुग्णालयाचे निर्देशांक आधी दिलेले होते, ते हल्ला-वर्ज्य यादीत होतं, तरी ४२ माणसं मेली. अमेरिकी लष्कराचा चौकशी अहवाल एप्रिल २०१६ मध्ये आला: युद्धकायद्याचा भंग झाला हे मान्य, पण हेतू नव्हता म्हणून युद्धगुन्हा नाही, १६ जणांवर शिस्तभंगाची कारवाई. "कायद्याचा भंग" आणि "युद्धगुन्हा" यांतलं अंतर यातून नीट कळतं. बातमीत दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नका.

अमेरिका, इस्रायल, भारत यांनी पहिला प्रोटोकॉल मान्य केलेला नाही. त्यामुळे त्यांच्याबाबत लिहिताना कलमाचा आकडा देऊन थांबू नका. भेद (नागरिक आणि लष्करी लक्ष्य यांतला), प्रमाण आणि खबरदारी ही तत्त्वं रूढ कायद्याचा भाग असल्याने सगळ्यांना लागू आहेत, असं लिहा. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ मध्ये रूढ कायद्याचे १६१ नियम संकलित केले. ते मोफत उपलब्ध आहेत, नियम क्रमांकासकट.

आणि एका बाजूने नियम मोडला म्हणून दुसरी बाजू मोकळी होत नाही. मानवी ढाल वापरली गेली असेल तरी हल्ला करणाऱ्याची खबरदारीची जबाबदारी कायम राहते.

सावलीमाप

व्हिडिओबद्दल.

आधी जतन करा. दुवा, पूर्ण फाइल, उतरवून घेतल्याची वेळ आणि फाइलचा शा-२५६ हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) नोंदवा. पोस्ट संध्याकाळपर्यंत उडू शकते. ऑनलाइन पुराव्यांच्या तपासासाठीच्या २०२० च्या बर्कले प्रोटोकॉलमध्ये ही जतन करण्याची शिस्त सविस्तर आहे. वेळ नेहमी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. स्थानिक वेळ आणि पोस्टची वेळ यांच्या घोळातून "हल्ल्याआधीच व्हिडिओ आला" असले सिद्धांत जन्मतात.

मग जुना आहे का ते पाहा. व्हिडिओतल्या तीन-चार स्थिर चौकटी काढून प्रतिमाशोधात टाका. रात्रीचे विमानवेधी मारा दाखवणारे व्हिडिओ आले की आर्मा ३ या व्हिडिओ गेमची शक्यता आधी तपासा. ते दृश्य अनेक युद्धांत खरं म्हणून चाललं आहे. जागा ठरवायला मिनार, छप्परांचा आकार, रस्त्याचं वळण, डोंगराची रेघ उपग्रह नकाशाशी जुळवा. एक खूण जुळून भागत नाही, निदान तीन लागतात. वेळेसाठी सावलीची दिशा आणि लांबी. स्फोटाचा उजेड आणि आवाज यांत ३ सेकंदांचं अंतर असेल तर कॅमेरा साधारण १ किलोमीटरवर आहे, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मात्र आवाज मागाहून चिकटवलेला नाही, याची आधी खात्री करा.

मोफत उपग्रहांच्या मर्यादा ओळखून वापरा. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांतला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा असतो आणि तीच जागा साधारण ५ दिवसांनी दिसते. कारखाना जळाला ते दिसेल, एका घराचं छत गेलं ते दिसणार नाही. नासाच्या आगीच्या नकाशातला ठिपका ३७५ मीटरचा असतो, आणि उष्णता म्हणजे हल्लाच असं नाही; गॅसची ज्योत, शेतातली आगही तिथे दिसते.

अवशेषांवरचे क्रमांक उत्पादकापर्यंत नेतात, ते डागणाऱ्यापर्यंत नेतीलच असं नाही. एकच शस्त्र दोन्ही बाजूंकडे असू शकतं.

सगळ्यात जास्त घाई होते ती "कोणी केलं" यात. १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझाच्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. पहिल्या तासांत अनेक मोठ्या माध्यमांनी एका बाजूच्या दाव्यावर मथळे दिले, आणि काही दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सला संपादकीय टीप द्यावी लागली. स्फोट झाला, माणसं मेली, एवढं पक्कं असताना कर्ता मथळ्यात घालायची गरज नव्हती.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, हे डेस्कवर छापून लावण्यासारखं आहे. दोन शंका उरल्या. एक, देशांतर्गत कायदा, म्हणजे परिशिष्ट यांचा तिसरा प्रश्न. दोन, २ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात बोटींवर केलेले हल्ले. तिथे तर दुसरा देशच नाही, मग कुठला कायदा?

परिशिष्ट

बोटींचं प्रकरण माध्यमांची एक खोड नीट दाखवतं. पहिल्या हल्ल्यात ११ जण मेले. नोव्हेंबरच्या शेवटी बातमी आली की बोट फुटल्यावर जिवंत राहिलेल्यांवर दुसरा मारा झाला होता, आणि सगळी चर्चा त्या दुसऱ्या माऱ्यावर एकवटली. तो गंभीरच आहे: फुटलेल्या जहाजावरच्या माणसांवर गोळीबार करण्याचा आदेश उघड बेकायदेशीर असतो, हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या युद्धकायद्याच्या नियमपुस्तिकेतच उदाहरण म्हणून दिलेलं आहे. पण नुसतं "दुसरा मारा युद्धकायद्यात बसतो का" असं विचारलं, की पहिला मारा युद्धातलाच होता हे आपण न बोलता मान्य करून टाकतो.

मूळ प्रश्न त्याच्या आधीचा: तिथे सशस्त्र संघर्ष होता का? माजी युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या १९९५ च्या तादिच निर्णयाप्रमाणे देश आणि बिगर-सरकारी गट यांच्यात तो असायला हिंसा प्रदीर्घ लागते आणि समोरचा गट संघटित लागतो. अमली पदार्थांची वाहतूक म्हणजे तशी हिंसा नव्हे, असं बहुसंख्य अभ्यासक म्हणतात. अमेरिकी सरकार आपण अशा संघर्षात आहोत असं म्हणतं. संघर्ष नसेल तर मानवाधिकार कायदा लागतो, आणि त्यात जीव घेणारं बळ जीवाला आसन्न धोका असतानाच, शेवटचा उपाय म्हणून चालतं. मग पहिलाच मारा टिकत नाही. बातमीत हा क्रम उलटू देऊ नका.

देशांतर्गत कायद्याबाबत देशागणिक एक छोटी टिपणवही करून ठेवा. अमेरिकेत १९७३ चा युद्धाधिकार ठराव: सैन्य लढाईत उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला (संसदेला) अहवाल, मंजुरी नसेल तर अहवालापासून ६० दिवसांत थांबणं, माघारीसाठी आणखी ३० दिवस. फ्रान्सच्या राज्यघटनेचं कलम ३५: तीन दिवसांत संसदेला माहिती, चार महिन्यांपुढे जायचं तर मंजुरी. ब्रिटनमध्ये लेखी बंधन नाही, संकेत आहे. २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियाबाबतचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि हल्ला झाला नाही. १४ एप्रिल २०१८ ला मात्र अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सीरियावर मिळून केलेल्या हल्ल्यात ब्रिटन संसदेत मतदान न घेताच उतरलं.

त्याच हल्ल्याबद्दल ब्रिटनने त्याच दिवशी आपली कायदेशीर भूमिका प्रसिद्ध केली, मानवतावादी हस्तक्षेपाच्या आधारावर. अमेरिकेच्या न्याय विभागाने ३१ मेच्या टिपणात अध्यक्षांच्या देशांतर्गत अधिकाराचीच चर्चा केली. म्हणून "हल्ला कायदेशीर असल्याचं सरकारने सांगितलं" हे वाक्य आलं की लगेच विचारा: कुठल्या कायद्याने?

तळटीप

एक भर, निनावी सूत्रांबद्दल. "अधिकाऱ्यांच्या मते ठार झालेले दहशतवादी होते" हे विधान पहिल्या कॉपीत जातं आणि पुढच्या कॉप्यांमध्ये "अधिकाऱ्यांच्या मते" गळून पडतं. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये ड्रोनने एक गाडी उडवली. अमेरिकी लष्कराने आधी हल्ला योग्य होता असं ठामपणे सांगितलं, न्यूयॉर्क टाइम्सने १० सप्टेंबरला व्हिडिओंवरून दावे खोडून काढले आणि १७ सप्टेंबरला पेंटागॉनने कबूल केलं: मेलेले दहाही जण नागरिक होते, त्यांत ७ मुलं. मधल्या जवळपास तीन आठवड्यांत ज्यांनी "अधिकाऱ्यांच्या मते" हे शब्द काढून टाकले त्यांची कॉपी चुकीची ठरली; ज्यांनी ठेवले त्यांची टिकली. म्हणून दावा कोणाचा आहे, हे प्रत्येक आवृत्तीत, मथळ्यातसुद्धा, ठेवा.

आणि हल्ल्याची बातमी लावतानाच पुढच्या तारखा टाकून ठेवा: दोन दिवसांनी काँग्रेसला अहवाल गेला का, आठवड्याभरात परिषदेला पत्र गेलं का, साठाव्या दिवशी काय झालं. लिबियात २०११ मध्ये साठावा दिवस २० मेला आला. कारवाई थांबली नाही आणि काँग्रेसची मंजुरीही नव्हती. ओबामा सरकारने पुढच्या महिन्यात भूमिका मांडली की हे त्या ठरावाच्या अर्थाने "शत्रुत्वाचे व्यवहार" नाहीतच. ज्या डेस्कवर २० मे ही तारीख आधीपासून टाकलेली होती, तिथेच त्या दिवशी हा प्रश्न विचारता आला.